उत्तरेचं आभाळ आणि ताऱ्यांचा जन्म : खान्देशातल्या गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैशाखात आमच्या यावल-रावेर पट्ट्यात घरात झोपणं म्हणजे शिक्षाच. पारा ४४-४५ला टेकतो आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत धगधगत राहतात. मग अख्खं घर अंथरुणं उचलून गच्चीवर जातं. जुनं घर असेल तर धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. उताणं पडलं की डोळ्यांसमोर आभाळच. (आमच्या बोलीत ‘आभाय’, ‘ळ’शी आमचं फारसं जमत नाही.) गेली काही वर्षं आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास मी गच्चीवर एक छोटी दुर्बीण लावतो. गल्लीतली पोरं येतात, बाया येतात, केळीला पाणी भरायला निघालेला एखादा शेतकरी सायकल टेकवून वर येतो आणि विचारतो, “हाऊ तारा कोणता शे भो?” तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

सप्तर्षी ओळखायचे कसे, आणि कधी?

एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं आणि मान बऱ्यापैकी वर करायची. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला जोडलेली तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी दिसेल. जुनी माणसं याला बाज म्हणत: चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन ती बाज पळवणारे चोर. पतंगापेक्षा ही उपमा मला जास्त पटते, कारण आपण स्वतःही तेव्हा बाजेवरच पडलेलो असतो.

चौकोनापासून शेपटीकडे नावं अशी : क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ, मरीची. अत्री सगळ्यात मंद आहे. शहरातल्या दिव्यांत आधी तोच हरवतो आणि मग लोक म्हणतात, सहाच दिसतात.

ध्रुव कसा शोधायचा? सगळ्यात तेजस्वी तारा तोच ना?

नाही. ही समजूत इतकी पक्की आहे की ध्रुव दाखवला की लोक हिरमुसतात. “हा? एवढासा?” तेजस्वितेच्या यादीत तो पहिल्या चाळीसातही बसत नाही. त्याचं मोठेपण जागेचं आहे.

पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे त्याच अंतराच्या पाचपट वाढवा. तिथं एकटा, मध्यम तेजाचा जो तारा बसलेला दिसतो तो ध्रुव. खात्री करायची दुसरी पद्धत माझ्या आवडीची आहे : हात लांब करून मूठ वळा. मुठीची रुंदी साधारण १० अंश. क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की ध्रुव आलाच. कारण ध्रुवाची उंची म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश. जळगाव २१ अंशांवर, धुळे त्याच्या किंचित खाली, नंदुरबार किंचित वर. श्रीनगरला साडेतीन मुठी लागतील आणि कन्याकुमारीला एकही पुरती भरणार नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत लोक विचारतात की डोंगर आड येत नाही का? अगदी कड्याला चिकटून घर नसेल तर नाही. ध्रुव डोंगरमाथ्यापेक्षा बराच वर असतो.

सप्तर्षी कधीच मावळत नाहीत असं मुलीच्या पुस्तकात आहे. मग दिवाळीत का दिसत नाहीत?

कारण ते वाक्य युरोपातल्या आभाळाचं आहे. लंडनमध्ये ध्रुव ५१ अंशांवर असतो, त्यामुळे सप्तर्षी त्याच्याभोवती फिरताना क्षितिजाला टेकतच नाहीत. आपल्याकडे ध्रुवाखाली जागाच २१ अंशांची. ध्रुवापासून त्याहून लांब असलेला प्रत्येक तारा इथं उगवतो आणि मावळतो. सप्तर्षींतला ध्रुवाला सर्वांत जवळचा क्रतूसुद्धा २८ अंश लांब आहे. त्यामुळे कार्तिकात रात्री नऊला सप्तर्षी क्षितिजाखाली असतात आणि पहाटे ईशान्येला पुन्हा वर येतात.

त्या दिवसांत त्यांच्या समोरच्या बाजूला शर्मिष्ठा असते. पाच ताऱ्यांची नागमोडी, इंग्रजी ‘एम’सारखी आकृती. नोव्हेंबरात उत्तरेला मान वर केली की ती सापडते. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा म्हणजे ध्रुवाच्या दोन्ही अंगांना बसलेली पारड्यांची जोडी : एक वर, तर दुसरं खाली. तिच्याजवळच वृषपर्वा, देवयानी आणि ययाती हे तारकासमूह. आभाळात हे सासर-माहेर एकाच कोपऱ्यात नांदतंय, महाभारतात भांडणं काय कमी झाली?

लग्नात अरुंधती दाखवतात. ती दिसली नाही तर सहा महिन्यांत मरण येतं, हे खरं का?

चष्म्याचा नंबर काढायची वेळ आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. वसिष्ठाला चिकटलेला बारीक ठिपका म्हणजे अरुंधती. दोघांतलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी. बऱ्या नजरेला अंधारात दिसतेच. लग्नाच्या मांडवात मात्र भटजी बोट दाखवतात, नवरा-नवरी “हो, दिसली” म्हणतात आणि वर हॅलोजनचा असा झोत असतो की चंद्रही दिसू नये.

दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठच एकाचे दोन होतात. बारीक तपासणीत ते दोन प्रत्येकी जोडी निघाले, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद जोडीदार सापडला. म्हणजे नवरा-बायको म्हणून दाखवतात ते प्रत्यक्षात सहा जणांचं कुटुंब आहे.

हे सात तारे खरोखर शेजारी आहेत, की आपल्यालाच तसं दिसतं?

माझ्या गच्चीवरचा सगळ्यात आवडता प्रश्न. बहुतेक तारकासमूहांचं उत्तर “आपल्यालाच तसं दिसतं” असं असतं. एक तारा जवळ, दुसरा लांब, आपण मध्ये रेघा ओढतो. सप्तर्षींची गोष्ट निराळी आहे.

मधले पाच, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि जवळजवळ एकाच दिशेनं, एकाच वेगानं चालले आहेत. ही गोष्ट रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८६९ मध्ये लक्षात आणून दिली. कारण सरळ आहे : हे पाचही एकाच ढगातून, एकाच सुमाराला जन्मले. वय सुमारे ४० कोटी वर्षं. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र उपरे. क्रतू १२० प्रकाशवर्षांच्या पलीकडे, मरीची १०० च्या आसपास, आणि दोघांची चाल वेगळी. सात ऋषींपैकी पाच सख्खे भाऊ आणि दोन वाटसरू. आणखी पन्नास हजार ते लाखभर वर्षांनी बाजेचा आकार बिघडेल तो या दोघांमुळे.

८० प्रकाशवर्षं म्हणजे किती हे समजवायला मी गच्चीवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पुढे बोलावतो. प्रकाश वर्षाला सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर तोडतो. आजोबा जन्मले त्या वर्षी पुलहाकडून निघालेला प्रकाश आज रात्री त्यांच्याच डोळ्यात शिरतोय. ध्रुवाचा प्रकाश याहून जुना. तो ४३० ते ४५० प्रकाशवर्षांवर मानतात. आपण पाहतो तो उजेड तिथून निघाला तेव्हा बऱ्हाणपूरला अजून फारुकी सुलतान राज्य करत होते. अकबरानं असीरगड घेतला तो १६०१ मध्ये, त्याच्याही आधी.

एका ढगातून तारे जन्मतात म्हणजे नेमकं काय होतं?

हा ढग पावसाचा नव्हे. ताऱ्यांच्या मधल्या जागेत मुख्यतः हायड्रोजन, थोडा हेलियम आणि अगदी बारीक धूळ पसरलेली असते. काही ठिकाणी ती जरा दाट होते. दाट म्हणजे किती? आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर अठरा शून्यं इतके कण असतात. ताऱ्याचं बीज धरणाऱ्या दाट गाभ्यात तेवढ्याच जागेत दहा हजार, फार तर काही लाख. प्रयोगशाळेत काढलेली निर्वात पोकळीही याच्यापेक्षा गच्च म्हणायची. पण ढगाचा पसारा कित्येक प्रकाशवर्षांचा, म्हणून एकूण माल सूर्याच्या शेकडो-हजारो पट भरतो.

आणि तो थंड असतो, शून्याखाली २६० अंशांच्या आसपास. थंडीच इथं कामाची. वायू गरम असला की त्याचे कण बाहेरच्या बाजूला रेटतात, थंड असला की रेटा कमी पडतो आणि गुरुत्वाकर्षणाला आत ओढायला वाव मिळतो. ढग कोणत्या आकाराला आणि किती थंडीला स्वतःच्याच वजनानं बसू लागेल, याचा हिशोब जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडला. शाळेच्या पुस्तकात “ढग आकसतो आणि तारा बनतो” एवढ्यावर उरकतात. प्रत्यक्षात ढगातली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र त्याला आकसू देत नाहीत. कधी शेजारी एखादा थोराड तारा फुटतो, त्याचा धक्का ढगाला दाबतो आणि तिथून आकसणं सुरू होतं. ढग अखंड कोसळत नाही, त्याचे तुकडे पडतात. म्हणून तारे एकेकटे नाही, झुंडीनं जन्मतात. सगळा ढग कामालाही येत नाही. ताऱ्यांत शेकड्याला थोडाच भाग जातो, बाकीचा नव्या ताऱ्यांच्या झळेनं उधळून जातो.

तुकडा आकसताना दोन गोष्टी होतात. पहिली, तो तापतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तसंच. दुसरी, तो गरगरू लागतो. चैत्रात कापणी झालेल्या रानात वावटळ उठते ती पाहा : पाचोळा काठावर असतो तेव्हा रमतगमत फिरतो, आत ओढला गेला की भिंगरी. ढगाला मुळात असलेली किंचितशी फिरकी आकसताना तशीच वाढते. फिरकीमुळे सगळा माल थेट मध्यभागी पडू शकत नाही, भोवती चपटी तबकडी तयार होते. त्या तबकडीतून पुढे ग्रह घडतात. आपली पृथ्वी असल्याच एका तबकडीतली, सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वीची. कोवळा तारा आत माल गिळत असतो आणि वरच्या-खालच्या टोकांनी वायूच्या चिळकांड्याही मारत असतो. तान्ह्या बाळाचं असंच असतं, दूध पिता पिता निम्मं बाहेर.

मग तारा पेटतो कधी? आणि जळतं काय?

जळत काहीच नाही. जळायला ऑक्सिजन लागतो, इथं त्याचा संबंध नाही. मध्यभागाचं तापमान साधारण एक कोटी अंशांवर गेलं की हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम होऊ लागतो. चार हायड्रोजनचं वजन एका हेलियमपेक्षा किंचित जास्त भरतं. ही शेकडा ०.७ ची तूट ऊर्जा बनून बाहेर पडते. सूर्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खपतो आणि ४० लाख टन वजन उजेड होऊन जातं. मे महिन्यात आमच्या डोक्यावर त्यातला नक्की किती पडतो, हा हिशोब मी करत नाही, घाम फुटतो.

आतला हा रेटा आणि बाहेरून दाबणारं वजन यांची बरोबरी झाली की आकसणं थांबतं. तारा स्थिरावला.

माल कमी पडला तर हे पेटणं होतच नाही. सूर्याच्या वजनाच्या आठ टक्क्यांहून कमी राहिला तो तपकिरी बटू. गुरू ग्रहालाही तारा व्हायचं असतं तर आहे त्याच्या सुमारे ८० पट वजन लागलं असतं.

किती वेळ लागतो?

सूर्यासारख्याला सुमारे पाच कोटी वर्षं. ऐकायला फार वाटतं. पण सूर्याचं एकूण आयुष्य हजार कोटी वर्षांचं. ते माणसाच्या ८० वर्षांत बसवलं तर हे जेमतेम पाच महिने होतात. गुरांचं गाभणपणही याहून लांब. वजनदार तारे कितीतरी लवकर तयार होतात आणि तितक्याच लवकर संपतात. काहींचं सगळं आयुष्य काही दशलक्ष वर्षांत आटोपतं.

ध्रुव असाच तालेवार, वजनानं सूर्याच्या पाचेक पट. वय पाच-सहा कोटी वर्षांच्या आसपास धरतात. आपल्या विहिरी खोदताना लागतो तो काळा पाषाण लाव्हारसातून थिजला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. ज्याला आपण अढळ म्हणतो तो, बहुधा, आपल्या पायाखालच्या दगडापेक्षा तरुण आहे.

अढळ म्हणता, मग ध्रुव हलत नाही ना?

हलतो, पण माणसाच्या आयुष्यात कळण्याइतका नाही. पृथ्वीचा अक्ष मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. इजिप्तमधले पिरॅमिड बांधले गेले तेव्हा कालेय समूहातला ठुबान हा ध्रुवतारा होता. सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित या ठळक ताऱ्याची पाळी येईल. तेव्हाच्या लोकांना निदान “एवढासा?” म्हणावं लागणार नाही.

मृग तर जूनमध्ये लागतो. तुम्ही जानेवारीत कुठला मृग दाखवता?

दरवर्षी एखादा शेतकरी हे विचारतो आणि त्याचा संशय रास्तच आहे. ७-८ जूनला मृग “लागतो” म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. सूर्य जिथं उभा, ते नक्षत्र दिवसा आभाळात असतं, दिसणार कसं? सहा महिन्यांनी ते सूर्याच्या समोरच्या बाजूला येतं. म्हणून पेरणीचा मृग पाहायचा तो गव्हाला पाणी देताना.

आणि तो पाहायलाच हवा, कारण साध्या डोळ्यांनी दिसणारं ताऱ्यांचं बाळंतघर तिथं आहे. खरं तर मृग उत्तरेचा नव्हे, खगोलाच्या विषुववृत्तावरचा. पण उत्तरेच्या हट्टापायी तो सोडून देणं वेडेपणाचं. एका रेषेतले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण. त्याच्या खाली आणखी तीन मंद ठिपके उभ्या ओळीत असतात. मधला ठिपका नीट पाहा, तो टोकदार नाही, पुसट आहे. जणू जिनिंगच्या दारात उडालेलं कापसाचं बोंड. तो सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ. बायनॉक्युलरमधून पसरलेले पंख दिसतात, दुर्बिणीतून त्याच्या पोटात चिकटून बसलेले चार कोवळे तारे. त्यांच्याच झळेनं हा ढग उजळला आहे. हबल दुर्बिणीनं १९९० च्या दशकात याच ढगात कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांचे फोटो काढले.

उत्तरेकडे असं काहीच नाही का?

भरपूर आहे, पण डोळ्यांना दाद देत नाही. शर्मिष्ठेत आणि वृषपर्व्यात तारे जन्मणारे मोठे ढग आहेत. लांब वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याला ते हायड्रोजनच्या लाल रंगात दिसतात. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या मध्ये मात्र अंधाऱ्या रात्री एक पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी सापडतो. बायनॉक्युलर लावा : एकमेकांना खेटून दोन तारकागुच्छ. ७,५०० प्रकाशवर्षांवर, आणि वय दीडेक कोटी वर्षं. म्हणजे अंगावरची हळदही उतरली नाही.

हंस या तारकासमूहाचं तर विचारूच नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच्या अंगावरून जाणारी आकाशगंगा मधोमध चिरल्यासारखी दिसते. ती काळी चीर म्हणजे रिकामी जागा असं वाटतं, पण ती धूळ आहे, मागचे तारे झाकणारी. पुढचे तारे असल्याच अंधारात शिजतात. आमच्याकडे धुळीच्या दिवसांत सूर्य मावळताना तांबडा होतो, कारण धुळीतून निळा उजेड अडतो आणि तांबडा सुटतो. तांबड्याच्याही पलीकडचा अवरक्त प्रकाश आणखी सहज सुटतो. २५ डिसेंबर २०२१ ला सोडलेली जेम्स वेब दुर्बीण त्याच प्रकाशात पाहते, म्हणून तिला ढगाच्या आतलं दिसतं.

तारा जन्मताना कोणी पाहिला आहे का?

सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणीच नाही. पण हंसातलाच एक कोवळा, मंद तारा १९७० च्या सुमारास अचानक काहीशे पटींनी उजळला. तबकडीतला बराच माल एकदम त्याच्या अंगावर पडला होता.

आणि तुटणारा तारा?

तो तारा नव्हेच. वाळूच्या कणाएवढा खडा हवेत घासून पेटतो. तारे आहेत तिथंच असतात, मोजून घ्या.

पाटणादेवीचा आणि ताऱ्यांचा काय संबंध?

चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या मंदिरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, असं त्यात कोरलं आहे. भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर वाद आहेत. मी त्यात पडत नाही. पण ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा अभ्यास या डोंगराच्या कुशीत होत होता, हे दगडावर लिहिलेलं आहे. माणूस उत्तरेकडे चालत गेला की ध्रुव वर चढत जातो, हे त्यांनी त्यात सांगितलं आहे. आपल्या दोन मुठी म्हणजे तोच धडा.

चांगलं कुठून दिसेल?

जळगाव-भुसावळच्या दिव्यांपासून जितकं लांब तितकं बरं. तोरणमाळ सगळ्यात उत्तम, उंच आणि काळोखी. रावेरकडून पाल, चाळीसगावकडून पाटणादेवीचा परिसर. पाटणादेवीला डोंगर दक्षिणेला असल्यानं उत्तर मोकळी मिळते. ही जागा अभयारण्यातली, त्यामुळे वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री थांबू नका. बिबट्याला तारकासमूहांत रस नसतो. एवढं जमत नसेल तर स्वतःचं शेत काय वाईट? फक्त डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या आणि मोबाइल खिशात ठेवा.

दुर्बीण कोणती घ्यावी?

आधी घेऊच नका. माझी पहिली दुर्बीण मी शहरातल्या एका दुकानातून आणली. खोक्यावर “५२५ पट” असं छापलं होतं. तिपाई इतकी डुगडुगायची की चंद्र सापडेपर्यंत पळून जायचा, आणि पाचशे पटीत दिसायचा तो फक्त धुरकट पिवळा गोळा. पटीवर जाऊ नका, भिंगाची रुंदी पाहा. पहिल्या वर्षी दहा बाय पन्नासचा (दहा पट, पन्नास मिलिमीटर भिंगाचा) बायनॉक्युलर पुरे. बाजेवर उताणं पडून कोपर छातीला टेकवले की तिपाईही लागत नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रात्री आभाळ मोकळं मिळालं असं मला फारसं आठवत नाही. पण भाद्रपदात अधूनमधून पाऊस उघडतो, हवा धुतलेली असते, आणि आठ-नऊच्या सुमारास हंस आणि अभिजित अगदी उंचावर असतात. गच्ची ओली असते तेवढीच अडचण. खताची रिकामी गोणी अंथरा.